श्रीलंकेत 26 दिवस स्वतःच्या आखणीने : आधी पाऊस बघा, मग नकाशा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही दोघं नाशिकच्या इंदिरानगरला राहता. तुम्ही बँकेतून निवृत्त झालात, वहिनी येत्या मे महिन्यात शाळेतून निवृत्त होतील. दोघंही शाकाहारी. वहिनींचे गुडघे दुखतात. टूर कंपनीबरोबर परदेश पाहून झाला आहे, आता दिवाळी आटोपली की 26 दिवस श्रीलंकेत आपल्या मनाने फिरायचं आहे. त्यासाठी तुम्ही बेटाभोवती पूर्ण वळसा आखला आहे आणि त्यात 17 मुक्काम आहेत. हा मार्ग बरोबर आहे का, बस-ट्रेनने जमेल की गाडीच घ्यावी, शाकाहारी जेवणाचं काय, रामायणातली ठिकाणं कशी बसवावीत आणि खर्चाचा अंदाज कसा बांधावा, एवढं तुम्ही विचारलं आहे.

मार्ग चुकलेला नाही. अडचण आहे ती निवडलेल्या महिन्यात आणि मुक्कामांच्या संख्येत. नाशिकहून स्वतंत्र प्रवासाला निघणाऱ्यांच्या सहली आखून देणं हे माझं काम आहे आणि श्रीलंकेच्या बाबतीत बहुतेक आराखडे याच दोन जागी अडतात. लोक आधी ठिकाणांची यादी करतात, मग ती दिवसांत बसवतात आणि हवामान शेवटी बघतात. या देशात हा क्रम उलटा करावा लागतो.

त्याचं कारण असं. बेटाच्या मध्यभागी अडीच हजार मीटरपर्यंत उंच डोंगर आहेत आणि वर्षात दोन वेगवेगळे मोसमी पाऊस दोन बाजूंनी येतात. आपल्याकडे इगतपुरीला धो-धो कोसळतो आणि सिन्नरला ढग नुसतेच वरून निघून जातात, तसंच तिथे डोंगराच्या एका बाजूला भिजतं आणि दुसरी बाजू कोरडी राहते. फरक एवढाच की तिथे सहा महिन्यांनी बाजू बदलतात. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, गॉल आणि डोंगरांच्या पश्चिम उतारांवर पडतो, तेव्हा त्रिंकोमालीचा पूर्व किनारा कोरडा आणि समुद्र शांत असतो. डिसेंबरपासून ईशान्य मोसमी पाऊस पूर्वेला आणि उत्तरेला येतो, तेव्हा दक्षिण किनारा मोकळा होतो. म्हणून ‘श्रीलंकेला जायचा चांगला महिना कोणता’ या प्रश्नाला एका महिन्याचं उत्तर नाही. तुम्ही कोणत्या किनाऱ्यावर असणार आहात, त्यावर ते ठरतं.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा या दोन पावसांमधला काळ. नाव ऐकून वाटतं की उघडीप असेल, पण तेव्हाच बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि वादळं तयार होतात आणि पाऊस जवळजवळ सगळ्या बेटावर पडतो. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस आलेल्या दितवा चक्रीवादळात तिथे पूर आले, डोंगराळ भागात मोठ्या दरडी कोसळल्या, शेकडो माणसं गेली, रेल्वेमार्ग आणि रस्ते तुटले. दर वर्षी असं होतं असं नाही. पण पूर्ण वळसा घालायचा असेल तर दिवाळीनंतरचे चार आठवडे मी कोणालाच सुचवत नाही. दोघंही नोकरीतून मोकळे झाल्यावर सुट्टीच्या कॅलेंडरला बांधून घेण्याची तुम्हाला गरजही उरत नाही.

तुमच्यासाठी मी फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य निवडेन. फेब्रुवारीत दक्षिण किनारा उत्तम असतो, डोंगरात सकाळी स्वच्छ आणि थंड. पूर्वेचा पाऊस तोवर ओसरलेला असतो आणि मार्च उजाडेपर्यंत त्रिंकोमालीचा समुद्रही निवळू लागतो. यातून मार्गाची दिशाही आपोआप ठरते : सुरुवात दक्षिणेला, मग डोंगर, मग मधला कोरडा प्रदेश, आणि पूर्व व उत्तर शेवटी. तुम्ही आधी जाफना, मग त्रिंकोमाली असा वळसा घातला आहे, तो उलटा फिरवा. ठिकाणं तीच राहतील, हवामान मात्र तुमच्या बाजूने येईल.

हे सगळ्यांना लागू नाही. शाळेत जाणारी मुलं बरोबर असतील आणि मे-जूनशिवाय वेळच नसेल, तर मी दक्षिण किनारा काढून टाकून त्रिंकोमाली, सिगिरिया, अनुराधापुरा आणि कँडी एवढ्यावर सहल बसवते. दिवाळीच हवी असा आग्रह असेल, तर आठ-दहा दिवसांची छोटी सहल करा आणि समुद्रावर काहीही अवलंबून ठेवू नका. तुमची परिस्थिती मात्र मोकळी आहे, तिचा फायदा घ्या.

आता मुक्काम. श्रीलंकेचं क्षेत्रफळ सुमारे 65,600 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त. नकाशावर सगळं हाताशी दिसतं. पण द्रुतगती मार्ग सोडले तर रस्ते अरुंद, वळणांचे आणि गावांमधून जाणारे आहेत. मी आखणी करताना तासाला 30 ते 35 किलोमीटर धरते, डोंगरात त्याहून कमी. शंभर किलोमीटरला तीन तास, हे आधी मान्य करून बसावं. त्यात ज्या दिवशी मुक्काम हलतो तो दिवस प्रवासाच्या तासांपुरता जात नाही : सकाळी आवराआवर, दुपारी पोचणं, खोली मिळण्याची वाट, नवीन जागी जेवणाची शोधाशोध. 17 मुक्काम म्हणजे असे 16 दिवस. 26 पैकी तुमच्या हातात खरे दहाच दिवस उरतात, आणि तेही वहिनींच्या गुडघ्यांवर ताण देऊन.

म्हणून मी 17 चे 10 मुक्काम करेन. मुंबईहून येणारं विमान कोलंबोच्या उत्तरेला कटुनायके इथे उतरतं, शहरात नाही. पहिली रात्र जवळच्या निगोंबोत काढा, विशेषतः विमान रात्री उशिरा पोचत असेल तर. मग दक्षिण किनाऱ्यावर पाच रात्री एकाच जागी. पुढे उडावलवेला एक रात्र, डोंगरातल्या एल्लाला तीन, नुवारा एलियाला दोन, कँडीला तीन, सिगिरियाच्या परिसरात चार, त्रिंकोमालीला तीन, जाफन्याला तीन आणि परतीच्या आदली रात्र पुन्हा निगोंबोत. यात एकेका रात्रीचे तीन मुक्काम आहेत, त्यातले दोन विमानासाठी आणि एक हत्तींसाठी.

यात काय गेलं तेही सांगते. हिक्कडुवा आणि बेन्टोटा गेले, कारण दक्षिणेत एक किनारा पुरतो. अरुगम बे गेलं. ते लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांचं गाव आहे आणि त्याचा खरा हंगाम मे ते सप्टेंबर. बट्टिकलोआ गेलं, कारण त्रिंकोमाली आहे. श्रीपाद, म्हणजे ॲडम्स पीक, गेलं. 2,243 मीटर उंचीचं ते पवित्र शिखर आहे आणि तुमच्या काळात तिथला यात्रेचा हंगाम चालू असेल, पण रात्री हजारो पायऱ्या चढून पहाटे तेवढ्याच उतरायच्या असतात. उतरणं गुडघ्यांना चढण्यापेक्षा वाईट. याला पर्याय नाही, तो नादच सोडा.

‘याला’ नावाचं राष्ट्रीय उद्यानही गेलं. बिबट्यासाठी ते प्रसिद्ध आहे, पण गर्दीच्या दिवसांत एका बिबट्यामागे जीपगाड्यांची रांग लागते, आणि जंगली श्वापदांसाठी आपल्याला ताडोबा जवळ आहे. हत्ती मात्र श्रीलंकेत ज्या संख्येने मोकळ्यावर दिसतात तसे आपल्याकडे सहज दिसत नाहीत. उडावलवेत ते वर्षभर असतात. शिवाय तिथे वन्यजीव खात्याचं अनाथ पिल्लांचं केंद्र आहे. पिल्लांना दूध पाजण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, लोकांनी लांबून बघायचं, हात लावायचा नाही, आणि पिल्लं मोठी झाली की परत जंगलात सोडतात. साखळदंड घातलेले हत्ती आणि हत्तीवरची रपेट दाखवणाऱ्या जागांना पैसे देऊ नका, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते.

दक्षिण किनाऱ्यावर राहायला मी गॉलच्या आसपासची जागा बघेन. गॉलचा किल्ला पोर्तुगिजांनी सुरू केला, डचांनी आजच्या रूपात बांधला. आत अजून लोकवस्ती आहे, शाळा, मशीद, चर्च आणि कोर्ट आहे. संध्याकाळी तटावरून सपाट चालता येतं, वहिनींना ते आवडेल. पोहता येत नसेल तर मटाराजवळ पोल्हेनाला जा. तिथे समोरच प्रवाळाचा कट्टा असल्यामुळे किनाऱ्याजवळ पाणी उथळ आणि शांत राहतं. मिरिस्साहून पहाटे बोटी देवमासे बघायला सुटतात, डिसेंबर ते एप्रिल हा त्याचा काळ. निळा देवमासा, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, किनाऱ्यापासून काही तासांच्या अंतरात दिसण्याची शक्यता जगात फार थोड्या ठिकाणी आहे. पण बोट हलते. उलटीची गोळी निघण्याआधी घ्या, आणि ‘तुमची बोट माशापासून किती लांब थांबते’ हा प्रश्न बुकिंगआधी विचारा. उत्तर देताना जो अडखळतो त्याची बोट घेऊ नका.

डोंगरातल्या ट्रेनबद्दल तुम्ही सर्वांत जास्त विचारलं आहे. कँडी ते एल्ला हा सहा-सात तासांचा प्रवास सगळ्यांच्या यादीत असतो. माझं मत वेगळं आहे. एल्ला ते नानुओया एवढाच टप्पा ट्रेनने करा. नानुओया हे नुवारा एलियाचं स्टेशन. तीन तासांच्या आसपासचा हा टप्पा आहे, आणि त्यातच उंच घाट, ढगातलं जंगल आणि पट्टिपोला हे सुमारे 1,890 मीटर उंचीवरचं स्टेशन येतं. सात तास लाकडासारख्या बाकावर किंवा उभ्याने काढण्यापेक्षा तुम्हा दोघांना हे कितीतरी सुखाचं होईल. नऊ कमानींचा पूल एल्ला आणि डेमोदरा या स्टेशनांच्या मध्ये आहे, तो एल्लाहून चालत किंवा रिक्षाने वेगळा बघावा. पुलावरून जाताना गाडीतून पूल दिसत नाही.

आरक्षण प्रवासाच्या 30 दिवस आधी उघडतं आणि खिडकीजवळच्या जागा फार लवकर संपतात. न मिळाल्यास दलालाकडून चढ्या भावात घेऊ नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची विनाआरक्षण तिकिटं त्याच दिवशी स्टेशनवर मिळतात, ती अगदी स्वस्त असतात, आणि एल्लाहून सकाळच्या गाडीला बहुधा जागाही मिळते. दारात लटकून फोटो काढणाऱ्यांचे तिथे जीव गेले आहेत, एवढं लक्षात ठेवा. वादळानंतर या मार्गाचे काही भाग बंद ठेवावे लागले होते. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी कोणता टप्पा चालू आहे ते श्रीलंका रेल्वेकडून बघून घ्या आणि मगच नुवारा एलियाची खोली पक्की करा. ट्रेन नसेल तर तोच टप्पा गाडीने दोन-अडीच तासांत होतो, आणि वाटेत जे लागतं तेच तुमच्या रामायणाच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पंचवटीत राहणारे, रोज सीतागुंफेवरून जाणारे लोक मला हा प्रश्न हमखास विचारतात, आणि त्यामागची ओढ मला कळते. कथेतलं सीताहरण आपल्या गोदाकाठी घडलं, मग पुढचं जिथे घडलं असं मानतात ती जागा बघावीशी वाटणारच. नुवारा एलियाहून वेलिमडाच्या रस्त्यावर सीता एलिया इथे ओढ्याकाठी सीता अम्मन मंदिर आहे. तिथल्या खडकावरचे खळगे हनुमानाच्या पावलांचे मानले जातात, आणि जवळच हकगलाचं वनस्पती उद्यान आहे, ज्याला लोक अशोकवनाशी जोडतात. नुवारा एलियाहून कँडीला रस्त्याने उतरताना रंबोडाला चिन्मय मिशनचं हनुमान मंदिर लागतं. म्हणूनच हा टप्पा मी ट्रेनऐवजी गाडीने ठेवते. त्रिंकोमालीला समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोणेश्वरम हे शंकराचं मंदिर आहे. तिथे कड्याला पडलेली भेग रावणाच्या तलवारीची, अशी कथा सांगतात. महाशिवरात्री तुमच्याच काळात येईल, त्या दिवशी तिथे खूप गर्दी असते. हवी असेल तर गाठा, नको असेल तर टाळा.

एवढी ठिकाणं तुमच्या मार्गावर आपसूक येतात. ‘रामायण सर्किट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सहलींत याशिवाय बऱ्याच जागा असतात, जिथे चार तास जाऊन एक फलक आणि एक कपार दिसते. या सगळ्या लोकश्रद्धेच्या जागा आहेत, पुरातत्त्वाने सिद्ध केलेल्या नाहीत. श्रद्धेने जावं, पण त्यासाठी वाट वाकडी करून दोन दिवस खर्च करावेत असं मला वाटत नाही. त्या दोन दिवसांत अनुराधापुरा बघा. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी आणली आणि ती इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात इथे लावली गेली, असं तिथली परंपरा सांगते. ते झाड आजही पूजेत आहे. पांढरे कपडे घातलेली साधी कुटुंबं कमळं घेऊन तिथे बसलेली असतात. दम्बुल्लाच्या गुंफांचंही तसंच. आपली पांडवलेणी ज्यांनी लहानपणापासून पाहिली आहेत त्यांना तिथे शिरताना ओळखीचं वाटेल, कारण दोन्हींची सुरुवात इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासची. मात्र दम्बुल्लात छतभर रंग टिकून आहेत आणि पूजा अखंड चालू आहे.

सिगिरियाला वहिनींनी चढावं का? पायऱ्या सुमारे 1,200, काही लोखंडी आणि कड्याला लटकलेल्या. पाचव्या शतकात कश्यप राजाने या खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. मी गुडघ्यांच्या तक्रारी असलेल्यांना सांगते की दार उघडताच आत जा, पायथ्याच्या पाण्याच्या बागा निवांत बघा, आणि भित्तिचित्रांपर्यंत जावंसं वाटलं तर तिथवरच. पुढे तुम्ही एकटे जा. समोरच्या पिदुरंगलाहून सिगिरियाचा खडक सुंदर दिसतो, पण शेवटी मोठमोठ्या धोंड्यांवर हात टेकत चढावं लागतं, त्यामुळे तो सोपा पर्याय नाही. पोलोन्नारुवा ही जुनी राजधानी मात्र वहिनींनी मुळीच सोडू नये. सगळं सपाटीवर, रिक्षा किंवा गाडी एका अवशेषापासून दुसऱ्यापर्यंत नेते, आणि गल विहाराच्या एकाच कातळात कोरलेल्या बुद्धमूर्तींपुढे बसायला सावली आहे. पवित्र जागी टोपी आणि पादत्राणं काढावी लागतात आणि दुपारी दगड चटके देतो, तेव्हा जाड मोजे पिशवीत ठेवा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान मानतात.

वाहन. पूर्ण 26 दिवस गाडी आणि चालक घेऊ नका, आणि सगळं बसनेही करू नका. लाल सरकारी आणि खासगी बस सगळीकडे जातात, तिकीट नगण्य, पण सामान ठेवायला जागा नसते आणि चालवणं वेगाचं. तुमच्या वयात दोन बॅगा घेऊन बसमध्ये चढणं मी सुचवणार नाही. ज्या दिवशी मुक्काम हलतो त्या दिवसापुरती एकेरी गाडी ठरवा. प्रत्येक गेस्ट हाउसचा मालक पुढच्या गावापर्यंत गाडी सांगतो, आदल्या संध्याकाळी दोन ठिकाणी भाव विचारले की रास्त दर कळतो. मधल्या दिवसांत रिक्षा. कोलंबो, कँडी, गॉल इथे पिकमी ॲपवर रिक्षा आणि गाडी मिळते, भावाची घासाघीस टळते. सलग चालक घेतलात तर त्याच्या राहण्या-जेवणाचा खर्च भाड्यात आहे का ते आधी विचारा, आणि पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगा की मसाल्याची बाग, रत्नांचं दुकान आणि बाटिकचा कारखाना आम्हाला बघायचा नाही. तिथून चालकाला कमिशन मिळतं, त्यामुळे न सांगितल्यास गाडी तिकडे वळतेच. जाफन्याहून परत मात्र ट्रेनने या. लांबचा प्रवास आहे, पण सपाट प्रदेश आणि आरामशीर जागा.

जाफना माझ्या मनाजवळचं आहे, म्हणून दोन वाक्यं जास्त. 2009 पर्यंत चाललेल्या यादवी युद्धाने हे शहर मोडलं होतं, आणि 1981 मध्ये जाळलं गेलेलं तिथलं ग्रंथालय आज पुन्हा उभं आहे. ते बघाच. नल्लूरच्या कंदस्वामी मंदिरात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं. कुरिकट्टुवानच्या धक्क्यावरून बोटीने नैनातीवूला जा, एकाच छोट्या बेटावर देवीचं मंदिर आणि बौद्ध विहार आहे. आणि तुमच्या जेवणाची खरी चैन इथेच होईल.

कारण शाकाहाराचा मुद्दा असा आहे. श्रीलंकेत भाज्या भरपूर. दुपारच्या भात-आमटीच्या ताटात वरण, ज्याला तिथे परिप्पु म्हणतात, भोपळा, बीट, फरसबी, कोवळ्या फणसाची भाजी आणि नारळ घातलेला पाला असतो. पण बऱ्याच ठिकाणी चवीला उंबलकड घालतात, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. नारळाच्या चटणीत, पोल सांबोलमध्ये, तो हमखास असतो आणि वाढणाऱ्याला ते मांसाहारी वाटतच नाही. म्हणून ‘व्हेजिटेरियन’ एवढं म्हणून भागत नाही. ‘मस् एपा, माळू एपा, उंबलकड एपा’ असं म्हणा : मांस नको, मासे नकोत, सुका मासा नको. कागदावर सिंहलीत आणि तमिळमध्ये लिहून घेतलंत तर उत्तम. कोत्तू हा रोटी चिरून तव्यावर परततात तो पदार्थ, त्याच तव्यावर मांसही होतं, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी टाळावा. तमिळ वस्तीत ‘सैवम’ अशी पाटी असलेली शुद्ध शाकाहारी हॉटेलं असतात. जाफना आणि त्रिंकोमालीत ती सहज सापडतात, कँडी-कोलंबोतही आहेत. डोंगरात आणि दक्षिणेत गेस्ट हाउसवाल्या बाईंना सकाळी सांगून ठेवा, रात्री घरचं जेवण मिळतं. न सांगता रात्री आठला बाहेर पडलात तर भात-भाजी संपलेली असते. म्हशीचं मडक्यातलं दही आणि त्यावर कितुल ताडाचा पाक, हे मात्र रोज खा.

खर्चाचा एकच आकडा मी देत नाही, कारण खोलीच्या प्रतीनुसार तो दुपटीने बदलतो. पण अंदाज कसा बांधायचा ते सांगते. एक भारतीय रुपया म्हणजे साधारण सव्वातीन ते साडेतीन श्रीलंकन रुपये. खोल्या आणि जेवण लोकांना वाटतं त्यापेक्षा स्वस्त पडतात. बजेट फसतं ते प्रवेशशुल्क आणि जंगल सफारीत. सिगिरियासारख्या ठिकाणी परदेशी माणसाचं तिकीट डॉलरमध्ये असतं. सार्क देशांच्या नागरिकांना पुरातत्त्व खात्याच्या मोठ्या स्थळांवर सवलत मिळते, पण ती मागावी लागते आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. सफारीत जीपचं भाडं वेगळं, उद्यानाचं शुल्क वेगळं, त्यावर कर वेगळा, तेव्हा ‘सगळं धरून किती’ असंच विचारा. फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय सुरू झालं आहे, पण खेड्यातल्या गेस्ट हाउसला आणि रिक्षाला रोखच लागते. डॉलर विमानतळावरच्या बँकांच्या खिडक्यांवर बदलून घेतले तरी चालतं. एकूण खर्चाच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवा, डोंगरात एखादी दरड कोसळली की एक जास्तीची रात्र आणि लांबच्या वाटेची गाडी लागते.

आगाऊ काय ठरवायचं? पहिली रात्र, दक्षिणेतल्या पाच रात्री, कँडी, आणि शेवटची रात्र. बाकी तिथे गेल्यावर दोन-तीन दिवस आधी. एल्लाला पाऊस लागला तर एक दिवस कमी करून त्रिंकोमालीत वाढवता येतो, सगळं आधीच भरलेलं असेल तर नाही. दर पौर्णिमेला तिथे पोयाची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी मंदिरं फुललेली असतात, दारू विकत नाहीत, कार्यालयं आणि बरीच दुकानं बंद असतात आणि ट्रेन-बस भरून जातात. तुमच्या तारखांतल्या पौर्णिमा कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या दिवशी मुक्काम हलवू नका.

व्हिसासाठी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा आगाऊ परवाना, लागतो, पर्यटकांना तो सहसा 30 दिवसांचा असतो. त्याच्या शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, त्यामुळे अर्ज करायच्या आठवड्यात श्रीलंका सरकारच्या संकेतस्थळावरच बघा. सारख्या दिसणाऱ्या खासगी साइट जास्तीचे पैसे घेतात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. वहिनींची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत. डेंग्यू तिथे आहे, डासांचं मलम दिवसाही लावा. आणि 1990 हा नंबर फोनमध्ये ठेवा. ‘सुव सेरिया’ ही मोफत रुग्णवाहिका सेवा आहे, 2016 मध्ये भारताच्या अनुदानातून सुरू झालेली.

परतीचं शेवटचं. जाफन्याहून सकाळी निघून त्याच रात्रीचं मुंबईचं विमान पकडायचा बेत करू नका, एक गाडी उशिरा सुटली की सगळं कोलमडतं. जाफना ते चेन्नई विमानंही आहेत. त्यांच्या वेळा तुमच्या तारखांना जुळल्या तर निगोंबोची शेवटची रात्र आणि लांबची ट्रेन दोन्ही वाचतात, मात्र चेन्नईहून मुंबईचं वेगळं तिकीट आणि तिथे पुरेसा वेळ हाताशी लागेल. तारखा पक्क्या केल्यात की मला दोन गोष्टी कळवा : वहिनी सलग किती पायऱ्या चढू शकतात आणि तुम्हा दोघांना समुद्र जास्त आवडतो की डोंगर. त्यावरून दक्षिणेच्या पाच रात्रींतली एखादी एल्लाकडे सरकवायची का, ते ठरवता येईल.